पिराजीचा ओळंबा

पाग टाकणारी माणसं आमच्या धरणाच्या फुगवट्याला पुष्कळ झाली, पण पाग बघावा तर पिराजी भोयाचा. पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं. त्याच्या घेराला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. एक कडा दातात धरायची, थोडं जाळं डाव्या खांद्यावर घ्यायचं, बाकीचं उजव्या हातात, आणि कमरेतनं गिरकी घेऊन सोडून द्यायचं. दुसऱ्या कुणी टाकला की तो पाण्यावर पडायचा पोरीनं पहिल्यांदा थापलेल्या भाकरीगत. कुठं लांबलेला, कुठं दुमडलेला. पिराजीचा पडायचा तो गोल. सगळं शिसं एकाच टायमाला पाण्याला लागायचं. आवाज एकच, झप्प! धुणं धुणाऱ्या बाया पिळा हातात धरून बघत राहायच्या आणि पिराजीची बायको चिमणाबाई त्यांच्यावर वराडायची, "बघतायसा काय? नवरा हाय माझा, तमाशा न्हाय!"

गारगोटीच्या वरल्या अंगाला, धरणाचं पाणी डोंगराच्या बगलंत शिरतं तिथं आमची खडकेवाडी. गावात भोयाचं घर एकच. नदी होती तोवर पिराजीचा बाप माणसं पल्याड न्यायचा. धरण झालं, नदीचा फुगवटा झाला आणि पिराजी माशावर जगायला लागला. अंगानं किडकिडीत, तोंडानं फटकळ, आणि जमिनीवर चालताना पाय फाकून चालायची खोड. होडीतल्या माणसाला जमीन हलत नाही हेच पटत नाही.

बहात्तर साली पाणी पार तळाला गेलं. चिखलात मासा तो किती असणार? पिराजी चार पैसे मिळतील म्हणून गुऱ्हाळावर चरकात ऊस घालायला गेला. चरकानं उसाबरोबर त्याचा पंजा धरला आणि इंजन बंद करीपर्यंत हात कोपराच्या वरपर्यंत ओढून नेला. कोल्हापूरच्या दवाखान्यातनं तो परत आला ते शर्टाची उजवी बाही पिनेनं वर टाचून. घरात शिरल्या शिरल्या त्यानं खुंटीवरच्या पागाकडं बघितलं आणि म्हणाला, "ह्येला ऊन दाखवलं न्हाईस व्हय गं? कुबट वास मारायलाय."

चिमणाबाईनं पाग उन्हात टाकला. संध्याकाळी परत खुंटीला. दर आठ-पंधरा दिवसांनी हा सोपस्कार व्हायचा. टाकणारा कोण नाही, पण पाग कसा, सणाला घालायच्या धोतरागत जपलेला.

आता माणसानं काय करावं? पिराजी काठावर बसायचा. पाण्यावर फुगारा उठला की सांगायचा, "कटला हाय. आता बांधाच्या अंगाला जाईल." आणि असं सांगताना त्याचा उजवा खांदा पुढं जायचा. त्याला ते कळायचं नाही. बघणाऱ्याला कळायचं, आणि बघणारा दुसरीकडं बघायचा.

चिमणाबाईचा भाऊ ज्ञानू साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. त्यानं मेव्हण्यासाठी शब्द टाकला. श्रावणात येऊन तो ओट्यावर बसला आणि म्हणाला, "दाजी, गेटवर माणूस पायजे. दिवाळीच्या आत बॉयलर पेटतोय, त्याच्या आधी हो म्हणा. खाकी कापडं, हातात काठी. एका हाताचं काम हाय."

"आन काठी धरून काय करायचं?"

"हुबं ऱ्हायाचं."

"ते मी हितं बी करतोय की."

"हितं काय मिळतंय? कारखान्यात बसून खाशीला."

"ज्ञानबा, मी पाण्यावर जाणार हाय."

ज्ञानू बहिणीकडं बघून हसला. "एका हातानं?"

"वल्ह्याला एक हात पुरतोय."

"आन मासा कोण वढणार? माझा बा?"

"मशीन."

चिमणाबाईनं भाकरी उलथता उलथता कपाळाला पीठ लावून घेतलं.

हे मशीनचं खूळ कुठनं आलं ते सांगतो. हात शाबूत होता तेव्हा धरणावर कुणाकडं तरी एक गोरा साहेब पाहुणा आला होता. त्याला मासे धरायचे होते आणि होडी होती पिराजीची. साहेबानं होडीच्या काठाला एक लोखंडी चाक बसवलं, त्यावर बारीक तार, तारेच्या टोकाला केळफुलाएवढा गोळा. हातानं चाक फिरवून तो गोळा पार खोल सोडायचा आणि गळाचा दोरा त्याला अडकवायचा. त्यामुळं आमिष वर तरंगत नाही, जिथं मोठा मासा गारव्याला बसतो तिथं जाऊन फिरतं. आपण फक्त होडी हळूहळू ओढायची. गाव काठावर उभं राहून हसलं. सुताराचा अंबादास म्हणाला, "साहेब पाण्याला ओळंबा लावायलाय. भिंत वाकडी हाय का बघतोय." तेव्हापासनं त्या यंत्राचं आमच्यात नाव ओळंबा. पण त्या ओळंब्यानं साहेबानं मिशाळ शिंगटे असले काढले, की पिराजी तोंडात घातलेली तंबाखू थुंकायची विसरला.

साहेबाचं चाक हातानं फिरवायचं होतं. पिराजीचा एकुलता हात वल्ह्याला. म्हणून त्याला चाक पाहिजे होतं विजेवर फिरणारं. गळाची दांडी, वेगळा दोरा ही साहेबाची चैनही त्यानं रद्द केली; गळ तारेलाच बांधायचा, आणि चाकानं मासा, गोळा सगळंच वर आणायचं.

माझी विहिरीवरची मोटार जळली होती. ती भरून घ्यायला मी कोल्हापुरात उद्यमनगरात कल्लाप्पाकडं निघालो तर पिराजी एसटीत माझ्या आधी बसलेला. कल्लाप्पा शिरोळकडचा जैन माणूस. बोलण्यात मध्येच कानडी हेल. दुकान म्हणजे पत्र्याचा बोळ, पण जीप, ट्रक, पंप, कशाचीही विजेची दुखणी तिथं बरी व्हायची.

पिराजीनं साहेबाचा ओळंबा हातवारे करून सांगितला. एका हाताचे हातवारे, दुसरी बाजू आपण समजून घ्यायची. कल्लाप्पा ऐकत होता. 'मासा' म्हणताच त्यानं डाग द्यायचा कैय्या खाली ठेवला.

"पावणं, आमच्या घरात दिवा लागायच्या आत जेवत्यात. ताटात किडा पडून मरंल म्हणून. आन तुमी मला मासं माराय मशीन सांगायलाय? अव्वा मला घरात घेईल काय?"

पिराजीनं हात खाली घेतला. मग म्हणाला, "आण्णा, मग असं करा. पाणी किती खोल हाय ते मोजायचं यंत्र द्या."

"मोजून काय करणार?"

"मोजणार. दुसरं काय?"

कल्लाप्पानं टाचलेल्या बाहीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मोटारीकडं बघितलं.

"पाणी मोजायचं आसंल तर करू की," तो म्हणाला. "पर गळ, आमिष, त्यातलं कायबी माझ्या दुकानात आणायचं न्हाई. नावबी काढायचं न्हाई."

"न्हाई काढत."

त्यानंतर मोटार निवडायची सर्कस सुरू झाली. दर सोमवारी उद्यमनगर बंद, कल्लाप्पा मोकळा, आणि पिराजी पहिल्या एसटीनं हजर. आधी जुन्या गाडीचा डायनॅमो लावला. तो असा भणाणला की तार गुंतून तिचं पाखराचं घरटं झालं. मग जीपचा सेल्फ लावला. त्यानं गोळा काय, बाकडंसुद्धा उचललं, पण बॅटरी बसली. कल्लाप्पा म्हणाला, "ह्यो पैलवान हाय. एक डाव मारतोय आन दूध मागतोय." मग जीपच्या वायपरची मोटार. ती चांगली संथ, पण वजन लावलं की कण्हायची, आणि तिसऱ्या खेपेला धूर.

"ट्रकाचा वायपर बघू," कल्लाप्पा म्हणाला, आणि भंगारातनं एका मोठ्या ट्रकाची वायपरची मोटार घेऊन आला. तिच्या पोटात पितळी दातांचं चाक होतं. बॅटरीची वायर लावली. चाक फिरलं ते म्हाताऱ्या बैलागत. घाई नाही, पण थांबणंही नाही. गोळा वर आला. वायर काढली तर गोळा तिथल्या तिथं लटकत राहिला, खाली घसरला नाही. खाली सोडायचा तर चाकाच्या कुशीचा चामडी पट्टा ढिला करायचा.

"हीच," पिराजी म्हणाला. मुलगी पसंत पडल्यागत त्याचं तोंड झालं होतं. "बोलत न्हाई फार. हीच."

गोळा कल्लाप्पानं शेजारच्या फौंड्रीतनं बिडाच्या लोखंडाचा ओतून आणला.

दसऱ्याच्या आधीच्या सोमवारी कल्लाप्पा हत्यारांची पेटी घेऊन खडकेवाडीला आला. पिराजीनं होडी पाण्याच्या कडेला घेऊन ठेवली होती. आत बसला, वल्हं धरलं, इकडं तिकडं बघितलं, आणि होडीच्या काठावर खडूनं चार ठिपके काढले. "हितं."

"ह्या अंगाला?" कल्लाप्पानं विचारलं.

"व्हय की. मला हितनं हाताला येतंय."

चिमणाबाईनं लाकडाखाली फळी दाबून धरली, मी होडी धरली, कल्लाप्पानं गिरमिट फिरवून चार भोकं पाडली. वायसर, बोल्ट, लोखंडी पट्टी. मोटार बसली, चाक बसलं, बटण बसलं. गळाला काही लागलं तर कळावं म्हणून पिराजीनं तार जिथनं पाण्यात उतरते त्या दांडीला बैलाच्या गळ्यातला एक घुंगरू बांधला. कल्लाप्पानं त्याच्याकडं बघितलं पण विचारलं काही नाही. बॅटरीवर गोणपाट पडलं. चौघं होतो तिथं, आठ डोळे. एकालाही दिसलं नाही.

पहिली फेरी मारायला पिराजी आणि कल्लाप्पा गेले. गळबिळ काही नाही, नुसता गोळा. कल्लाप्पाला पोहता येत नव्हतं, तो होडीच्या मध्यभागी दोन्ही काठ धरून बसला होता. त्याच्याच हातानं पट्टा ढिला करून गोळा खाली सोडला. पिराजी डाव्या हातानं वल्हं मारत होता. किती दिवसांनी पाण्यावर गेला होता! पाठ अशी सरळ, की काठावरनं बघताना वाटावं ह्याला काही झालंच नाही.

खाली पाण्यात धरणाच्या आधीच्या बाभळी अजून उभ्या होत्या. गोळा त्यातल्या एकीत अडकला. तार ताणली, घुंगरू वाजला.

आणि पिराजीचा उजवा खांदा झटक्यात पुढं गेला. टाचलेली बाही बटणाच्या दिशेनं नुसती हलली. डावा हात वल्ह्यावर तसाच. घुंगरू वाजतोय, होडी उजवीकडं कलंडायला लागलीय, आणि पिराजी बटणाकडं बघतोय, बटण का दाबलं जात नाही म्हणून.

"अय्यो, पट्टा सोड की! पिराजी! बुडालो की रं!" कल्लाप्पा वराडला, आणि स्वतःच पालथा पडून त्यानं पट्टा सैल केला. तार ढिली झाली. होडी डुलून सरळ झाली.

ते काठाला आले आणि मग सगळ्यांना दिसलं. यंत्र बसवलं होतं उजव्या हाताला, आणि उजवा हात कुठं होता? पिराजीनं खडूचे ठिपके काढले ते त्या हाताच्या हिशेबानं.

आधी चिमणाबाईच फुटली. "आवं, मी फळी धरली की! माझ्या बी डोस्क्यात आलं न्हाय. दोन सालं झाली, रोज अंगाला पाणी घालतोय मी ह्या माणसाच्या!"

"मला वाटलं तुमची काय तरी तजवीज आसंल," कल्लाप्पा म्हणाला. "इचारलं बी मी."

पिराजी होडीतच बसून होता. म्हणाला, "आण्णा, खोटं न्हाई. मला हाताला येत हुतं."

कल्लाप्पानं धोतर पिळलं आणि पाना घेतला. यंत्र सोडवलं, डाव्या काठाला नवीन भोकं पाडली. पण डावा हात तर वल्ह्याला. मग त्यानं पेटीतनं ट्रकाचा डिपर काढला. जुन्या ट्रकाला दिव्याचा डिपर पायाशी असतो, टाचेनं मारायचा. तो त्यानं होडीच्या तळाला फळीवर ठोकला. एकदा दाबला की मोटार चालू, परत दाबला की बंद. "घ्या. आता हात मागू नगासा, पाय मागा."

उजव्या काठाची चार भोकं चिमणाबाईनं लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवली आणि वर डांबर लावलं.

कल्लाप्पा गेल्यावर पिराजीनं गळ बांधला. रोज सकाळी होडी घेऊन जायचा, उन्हं वर आली की रिकामा यायचा. यंत्र चांगलं चालत होतं. खोट निघाली गोळ्यात. बीड आकारानं मोठं, वजनाला मानानं कमी. वारा सुटून होडी ओढली की गोळा मागं फरफटत वर यायचा आणि आमिष मधल्याच पाण्यात लोंबायचं. तिथं मोठा मासा कशाला येतोय?

ज्ञानूचा निरोप आला, आता उशीर नको, दुसरी माणसं टपून बसल्यात. चिमणाबाई म्हणाली, "आवं, हो म्हणून टाका. खाकी कापडं बरी दिसत्याली तुमास्नी."

पिराजी कोल्हापूरला गेला. कल्लाप्पानं सगळं ऐकून सांगितलं, "शिसं पायजे. लहान गोळा, वजन दांडगं. पाण्याला धरायला काय गावत न्हाई मग. माझ्याकडं जुन्या बॅटरीचं ढीगभर पडलंय, न्या."

"नगं," पिराजी म्हणाला.

"का? फुकट देतोय की."

"घरात हाय शिसं."

आला, जेवला, आणि जेवण झाल्यावर त्यानं खुंटीवरचा पाग काढून चिमणाबाईच्या पुढ्यात टाकला. "सोडव."

"काय सोडवू?"

"गोळ्या. मला एका हातानं गाठी सुटत न्हाईत."

चिमणाबाई पागाकडं बघत बसली. तिचं लग्न झालं त्या साली सासऱ्यानं स्वतः विणून पोराला दिलेला पाग. हात गेल्यापासनं तिनं उन्हात घातला, झटकला, उंदरानं कुरतडला तिथं सांधला. एकदाही कुणाला वापरायला दिला नाही. ज्ञानूनं मागितला तरी दिला नाही.

"बॅटरीचं आणायचं हुतंसा की," ती म्हणाली.

"बॅटरीचं शिसं पाण्याला नवं. ह्ये मुरलेलं हाय."

"पर मग पाग..."

"चिमणे, सोडव म्हणलो न्हवं."

तिनं सुरी घेतली. एकेक गोळी ताटलीत पडायला लागली, टण, टण. पिराजी उंबऱ्यावर पाठ करून बसला होता. निम्म्याच्या पुढं गेल्यावर त्यानं सांगितलं, "कडंचं जाळं फाडू नगंस." मग स्वतःच म्हणाला, "फाड. काय ठेवायचंय?"

चुलीवर लोखंडी पळीत शिसं वितळवलं. वाळल्या वाळूत खळगा करून त्यात कोरडी करवंटी बसवली, मधोमध तारेची कडी उभी धरली आणि ओतलं. करवंटीचा धूर झाला, आतनं गोळा निघाला नारळाच्या अर्ध्या वाटीएवढा. पिराजीनं तो डाव्या तळव्यावर घेतला. तळवा खाली गेला. त्यानं वर उचलला, परत खाली गेला. तसं तो किती तरी वेळ करत होता. सगळा पाग आता एका हातात मावत होता.

शिशाच्या गोळ्यानं तार सरळ खाली धरली, अगदी ओळंब्यागत. ज्ञानू स्वतः शेवटचं विचारायला आला त्या सकाळी पिराजी पाण्यावरच होता. आम्ही काठाला उभे. घुंगरू वाजला तो इथपर्यंत ऐकू आला. पिराजीचा खांदा हलला, मी बघितलं. मग पाय पडला. मोटार घरघरायला लागली, थांबली, पुन्हा घरघरली. होडीनं गिरकी घेतली. शेवटी पिराजीनं वल्हं सोडून वाकून हातजाळ्यानं जे आत घेतलं, त्याच्या शेपटीचा फटका फळीवर बसला तो गोळी सुटल्यागत.

काठाला आला. शिंगटा होता, मांडीएवढा, मिशा अजून हलत होत्या. ज्ञानूच्या तोंडाला पाणी सुटलं. "दाजी! आगा बाबौ! च्यायला, खरंच की!"

चिमणाबाईनं घरातनं कुंकू आणलं, माशाच्या कपाळाला लावलं. भोयाच्या घरात नव्या जाळ्याचा पहिला मासा पाण्याचा असतो; तो विकत नाहीत, खात नाहीत. पिराजीनं तो गुडघाभर पाण्यात नेला, हात मोकळा केला. शिंगटा जागेवरच थबकला, मग गेला.

"खुळं का काय!" ज्ञानू ओरडला. "आवं, यंत्राला कुठली आलीया रीत? आन आता मी सायबाला काय सांगू? गावाला दाखवू काय?"

"पाण्यात हाय म्हणावं," पिराजी म्हणाला. "जाऊन बघा. आन गेटवर दुसरा माणूस घ्या."

कल्लाप्पाला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, "सोडला न्हवं? बरं झालं." पुढच्या माशांचं त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. दरसाल उन्हाळ्यात मोटारीचे कार्बन बदलून द्यायचा आणि म्हणायचा, "काय पावणं, पाणी किती भरलं?" पिराजी सांगायचा, "वाईच कमी हाय औंदा."

त्या ओळंब्यावर पिराजीचं घर चाललं. पायानं मासे धरणारा भोई म्हणून लांबलांबची माणसं बघायला यायची. बिनशिशाचा पाग चिमणाबाईनं कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला, घारीपासनं राखण म्हणून.

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात असंल, मी त्याच्या होडीत बसून पल्याड निघालो होतो. गोळा खाली सोडलेला. पल्याडच्या काठाला कुणीतरी तरणा गडी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून पाग टाकत होता. घुंगरू वाजला, पिराजीनं पाय दिला, तार वर यायला लागली. तेवढ्यात त्या गड्यानं गिरकी घेतली. पाग उघडला.

पिराजीचा पाय पुन्हा बटणावर पडला. मोटार बंद. तार मध्येच थांबली, खाली मासा हिसके देतोय, घुंगरू वाजतोय, आणि हा बघतोय पल्याड. उजवा खांदा पुढं, मान थोडी तिरकी, दात आवळलेले, दातात पागाची कडा धरल्यागत.

पाग पाण्यावर पडला. आवाज दोन आले. आधी एका अंगानं, मग दुसऱ्या.

"आधी सोडला त्येनं," पिराजी म्हणाला. "वाईच दमानं सोडाय पायजे हुता."

"पिराजी, मासा जाईल की."

"व्हय," तो म्हणाला, पण बटणावर परत पाय दिला तो पल्याडचा पाग पुरता बुडल्यावर.